चेहऱ्यावरची पट्टी, डोळ्यांवरची पट्टी

पोरगी पाहायला आलेली मंडळी चहा-पोहे घेऊन गेली, की घरात निरोपाची वाट पाहणं सुरू होतं. मग कधी मध्यस्थाकडून कळतं, 'पोरगी चांगलीच आहे हो, पण रंगानं जरा...' या 'जरा'चा अर्थ डोणगावच्या पोरीला कुणी समजावून द्यावा लागत नाही, तसा पुण्या-मुंबईच्या पोरीलाही नाही. याच विषयावर अमेरिकेतल्या टीव्हीनं १९६० साली अर्ध्या तासाची एक गोष्ट दाखवली होती. ती आज पुन्हा पाहिली, तरी आपल्याच घरातली वाटते.

'द ट्वायलाइट झोन' ही ती मालिका. रॉड सर्लिंग या लेखकानं ती २ ऑक्टोबर १९५९ला सुरू केली. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं. कधी विज्ञानकथा, तर कधी नुसतीच अद्भुत. तेव्हा आपल्या देशात दिल्लीला टीव्हीचे प्रयोग नुकते कुठे सुरू झाले होते. मुंबई दूरदर्शन यायला १९७२चा ऑक्टोबर उजाडला.

या मालिकेतला 'आय ऑफ द बिहोल्डर', म्हणजे 'पाहणाऱ्याचा डोळा', हा भाग ११ नोव्हेंबर १९६०ला दाखवला गेला. दवाखान्यात जॅनेट टायलर नावाची बाई पडून आहे. सगळा चेहरा पट्ट्यांनी गुंडाळलेला. चेहरा 'नीट' व्हावा म्हणून हा तिचा अकरावा उपचार. सरकार याहून जास्त संधी देत नाही. हाही फसला, तर तिला तिच्यासारख्यांच्या वेगळ्या वस्तीत जावं लागणार. बिचारीचं मागणं तरी केवढंसं? सुंदर दिसायचं नाही तिला. आपल्याला पाहून लोकांनी किंचाळू नये, एवढंच. तिची लहानपणची पहिली आठवणच अशी, की एक मूल तिला पाहून किंचाळलं होतं.

शेवटी पट्ट्या सुटतात. डॉक्टर हताश होतात, 'काहीच फरक नाही!' आणि आपण पाहतो तर काय, समोर देखणी बाई! मग उजेडात डॉक्टर-नर्सचे चेहरे दिसतात. तोवर कॅमेऱ्यानं ते अंधारात ठेवलेले असतात. डुकरासारखी नाकं, वाकडे ओठ. तिथं सगळेच तसे, म्हणून तेच सुंदर. आणि ही एकटी कुरूप.

पहिल्यांदा पाहताना आपण या धक्क्यानंच चकित होतो. दुसऱ्यांदा पाहिलं, की वेगळीच गोष्ट लक्षात येते. या गोष्टीत खाष्ट असं कुणीच नाही! नर्स मायेनं बोलते, डॉक्टर तिच्यासाठी हळहळतो. 'वेगळं दिसण्याची एवढी शिक्षा का?' असंही त्याच्या तोंडून निघतं, तर नर्स लगेच त्याला गप्प करते, असं बोलणं धोक्याचं आहे म्हणून. आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? 'उन्हात जाऊ नको', 'हळद-बेसन लाव', 'हा रंग तुला शोभत नाही' असं पोरीला सांगणारी आई, मावशी, आत्या काही वैरीण नसते. मायेपोटीच बोलते, पण मोजपट्टी मात्र तीच पुढे देते.

गंमत पाहा, ही गोष्ट करणारेही त्या मोजपट्टीतून सुटले नाहीत. पट्ट्यांआडून नुसत्या आवाजावर आणि हातांवर आपल्याला रडवणारी नटी मॅक्सिन स्टुअर्ट. पट्ट्या सुटल्यावर दिसतो तो चेहरा मात्र डोना डग्लस या दुसऱ्याच नटीचा. ज्या बाईनं सगळं दुःख उभं केलं, तिचा चेहरा प्रेक्षकांना दिसलाच नाही.

शेवटही मला अर्धाच पटतो. जॅनेटला तिच्यासारखाच दिसणारा एक तरुण समजावतो आणि आपल्या वस्तीत घेऊन जातो. आपल्या पोरीसाठी अशी वस्ती कुठं आहे? तिला याच गावात, याच नात्यागोत्यात राहायचं आहे. म्हणून पोरगी बदलून चालायचं नाही, मोजपट्टीच बदलायला हवी. १९७५ साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या प्रसिद्ध क्रीमनं २०२० साली नावातला 'फेअर' शब्द काढला. डबीवरचं नाव बदललं, आता आपल्या तोंडातला शब्द बदलायची पाळी आपली.

आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला, १२ जानेवारीला जिजाऊंना वंदन करायला केवढी गर्दी लोटते! त्या गोऱ्या होत्या की सावळ्या, असं कुणी विचारतं का?

मग पोरीच्या बायोडाटात 'रंग' हा रकाना तरी कशाला? शिक्षण लिहा, हातातलं कसब लिहा. आणि कुणी 'पण रंगानं जरा...' म्हणालंच, तर पोरीच्या देखत विचारा, 'जरा म्हणजे काय हो?' उत्तर येवो न येवो, आई आपल्या बाजूनं बोलली, हे पोरीनं ऐकलेलं असेल.