लग्नाची कॅसेट मोबाइलवर येते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेवगाव तालुक्यात, मग ते बोधेगाव असो की दहिगाव-ने, नव्वदच्या दशकात लग्न झालेल्या अनेक घरांत एक काळी कॅसेट असते. ती पत्र्याच्या पेटीत तरी असते, नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर. तिच्यावर नवरा-नवरीची नावे आणि लग्नाची तारीख लिहिलेली असते. त्या मांडवात बसलेली निम्मी मंडळी आज हयात नसतात. त्यांचे चालणे, हसणे, पदर सावरणे त्या कॅसेटमध्ये आहे. पण ते पाहायला घरात व्हीसीआर नाही.

व्हीएचएस कॅसेट १९७६ साली जपानमध्ये बाजारात आली. तिथल्याच फुनाई या कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले आणि हे यंत्र नव्याने तयार होणे संपले. आता आहेत ती जुनी यंत्रे, आणि त्यांचे सुटे भागही दुर्मीळ होत चालले आहेत.

यंत्राइतकीच काळजी फितीची. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर लांब आणि अर्धा इंच रुंद प्लॅस्टिकची फीत असते. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर चिकटवलेला असतो. चित्र आणि आवाज त्या थरातच असतात. पावसाळी दमटपणाने हा थर सैल पडतो, कधी बुरशी धरते. कॅसेटच्या काचेतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी जाळी दिसली, तर ती यंत्रात घालू नये. फीत तुटते आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. अशी कॅसेट जाणकाराकडून साफ करून घ्यावी. उन्हात वाळवणे तर मुळीच नको.

कॅसेट चांगली असेल, तर आधी ती शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली असावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे रेकॉर्डिंग होत नाही. मग व्हीसीआरची पिवळी वायर चित्रासाठी, पांढरी-लाल आवाजासाठी. या वायरी कॅप्चर नावाच्या लहानशा उपकरणाला आणि ते उपकरण संगणकाला जोडतात. इथे घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.

तुमच्या गावच्या फोटो स्टुडिओत ही सोय आहे का, ते विचारा. काम देताना तीन गोष्टी आवर्जून सांगा. पहिली, चित्र ७२० बाय ५७६ या पूर्ण मापात घ्या. पूर्वी ज्यांनी व्हीसीडी करून घेतली, त्यांच्याकडे यातला जेमतेम चौथा हिस्सा आहे. म्हणून मूळ कॅसेट फेकू नका. दुसरी, चित्र ताणू नका. जुना टीव्ही चौकोनी होता. मोबाइलचा आडवा पडदा भरायला गेले की माणसे बुटकी आणि जाड दिसतात. तिसरी, जुन्या पद्धतीत चित्राच्या सम आणि विषम रेषा आळीपाळीने येत. त्या नीट जुळवल्या नाहीत तर मोबाइलवर हलत्या हाताला कंगव्याचे दाते फुटतात. त्यासाठी ‘डीइंटरलेस’ करावे लागते.

दोन फायली मागा. एक मोठी, मूळ म्हणून जपायची. दुसरी एमपी-४, मोबाइलवर पाहायची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत मूळ समजू नका. तिथे चित्र दाबून लहान केलेले असते. मोठी फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. केवळ पेन ड्राइव्हवर विसंबू नये.

आवाजाचे एक दुखणे आहे. त्या काळी स्टुडिओवाले लग्नाच्या चित्रीकरणावर सिनेमाची गाणी चढवत. त्यामुळे मंगलाष्टके आणि आजोबांची हाक गाण्याखाली गेली. न कापलेली मूळ कॅसेट घरात असेल, तर ती आधी उतरवा. आवाज तिच्यातच असतो.

१९०१ च्या डिसेंबरमध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा मुंबईतले त्यांचे स्वागत सावेदादा भाटवडेकरांनी कॅमेऱ्यात टिपले होते. ती फिल्म आज नाही. उरली ती नुसती नोंद. एवढ्या नामवंताच्या स्वागताची ही गत, तर आपल्या मांडवाची काळजी आपल्यालाच घ्यायला हवी.

फाइल तयार झाली की काम संपले असे नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवा, चित्र थांबवत जा आणि कोण कोण आहे ते वहीत लिहून घ्या: ही पैठणची आत्या, हा वरातीत नाचणारा चुलतभाऊ. चित्र पुढेही उतरवता येईल. नावे सांगणारे माणूस मात्र तोवर असेलच असे नाही. म्हणून येत्या सुट्टीत पेटी उघडा.