जलद खो आणि बचावाचे तत्त्व

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. या खेळात पाठलाग करणाऱ्यास मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा धरलेली दिशाही खांब गाठल्याविना बदलता येत नाही. खो मिळून उठलेला गडी मात्र दिशा निवडण्यास मोकळा असतो. जलद खोचे बळ यातच आहे. तथापि, पाठलाग करणाऱ्याने ज्या बसलेल्या गड्यास मागे टाकले, त्यास त्याला खो देता येत नाही. नेमक्या त्याच क्षणी पळणाऱ्याने मध्यपाटी ओलांडावी. घाईने ओलांडल्यास जवळच्याच गड्यास खो मिळतो. नाशिकच्या महाविद्यालयीन संघांनी वेगाबरोबर या क्षणाच्या पारखेचाही सराव करावा. एरवी तिघांची तुकडी अल्पावधीतच बाद होते.