हॉस्पिसचा दर्जा ओळखावा कसा?
खोल्यांपेक्षा रात्रीची व्यवस्था महत्त्वाची. वेदनाशमन हाच पहिला निकष

मुंबई, प्रतिनिधी : कर्करोग शरीरभर पसरला आहे, आता केमोथेरपीचा उपयोग नाही, रुग्णाला घरी न्या किंवा हॉस्पिसमध्ये ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर कुटुंबाच्या हाती निर्णयासाठी फार तर दोन-चार दिवस असतात. मुलांच्या शाळेसाठी किंवा घराच्या खरेदीसाठी महिनोन्‌महिने चौकशी करणारी माणसे या वेळी मात्र कोणीतरी दिलेल्या एका दूरध्वनी क्रमांकावर विसंबतात. जागा स्वच्छ आहे, माणसे प्रेमळ आहेत, एवढ्यावर समाधान मानले जाते. स्वच्छता आणि प्रेमळपणा हवाच. परंतु रात्री दोन वाजता वेदनेने कळवळणाऱ्या रुग्णाला त्यांचा उपयोग मर्यादित असतो. त्या वेळी मॉर्फिनची गोळी कपाटात आहे का, ती देणारी प्रशिक्षित परिचारिका जागी आहे का आणि डॉक्टर फोन उचलतात का, यावर हॉस्पिसचा खरा दर्जा ठरतो.

अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना हॉस्पिसांची तुलनात्मक माहिती जाहीर करते. रुग्णाच्या निधनानंतर त्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला प्रश्नावली पाठविली जाते आणि तीत सायंकाळी, शनिवार-रविवारी व सुटीच्या दिवशी मदत मिळाली का, असा प्रश्न आवर्जून असतो. आपल्याकडे हॉस्पिसांची अशी दर्जावारी करून ती लोकांसमोर मांडणारी सरकारी यंत्रणा नाही. त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी कुटुंबावरच येते. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसालाही ही पारख बऱ्याच अंशी करता येते. नेमके काय विचारायचे, हे ठाऊक असावे लागते.

सेवा नेमकी कोणती?

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात लंडनमध्ये झाली. परिचारिका, समाजसेविका आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. मरणासन्न माणसाची वेदना केवळ शारीरिक नसते. तीत मनाची, कुटुंबाची आणि श्रद्धेची वेदनाही मिसळलेली असते, हा विचार त्यांनी मांडला. भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईतच, वांद्रे येथे, १९८६ मध्ये सुरू झाले. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी स्थापन केलेल्या या शांती आवेदना सदनात कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा केली जाते. गोव्यात लोटली येथेही या संस्थेची शाखा आहे. पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून काम करीत आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर विभागाची पथके रुग्णांच्या घरी जातात.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक शुश्रूषा. ती आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर, इतर उपचारांच्या जोडीने देता येते. हॉस्पिस हा तिचा अखेरचा टप्पा. या दोन्हींहून वेगळा असा तिसरा प्रकार शहरांत फोफावला आहे. आया, मावशी किंवा वॉर्डबॉय पुरविणाऱ्या ब्युरोंपैकी काही जण आपल्या जाहिरातीत ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्द वापरतात. आंघोळ घालणे, कूस बदलणे, जेवण भरविणे ही कामे मोलाचीच आहेत. मात्र डॉक्टरची देखरेख आणि वेदनाशामक औषधांची व्यवस्था नसेल, तर त्या सेवेला हॉस्पिस म्हणता येणार नाही. त्यामुळे पथकात डॉक्टर कोण, त्यांनी उपशामक वैद्यकाचे प्रशिक्षण घेतले आहे का आणि ते रुग्णाला किती दिवसांनी स्वतः तपासतात, हे प्रथम विचारावे. या विषयातील एमडी अभ्यासक्रम टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये सुरू झाला. १९९४ मध्ये स्थापन झालेली इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संघटना डॉक्टर व परिचारिकांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालविते. प्रशिक्षित डॉक्टर आता दुर्मीळ असले तरी अप्राप्य नाहीत.

मॉर्फिन आहे का?

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे परिणामकारक आणि स्वस्त औषध आहे. अफूपासून ते तयार होते आणि अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या मोजक्या देशांत भारताचा समावेश होतो. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक तरतुदींमुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक घटला. परवान्यांची मालिका आणि शिक्षेची धास्ती यांमुळे रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ असा दर्जा मिळालेल्या संस्थेला आता मॉर्फिन, फेंटानिल आदी अत्यावश्यक औषधे बाळगता येतात.

म्हणूनच ‘तुम्ही तोंडाने घेण्याचे मॉर्फिन देता का? तुमच्याकडे ती मान्यता आहे का? साठा कधी संपतो का?’ हे तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. ‘आम्ही गरज पडली तर बाहेरून मागवतो’ हे उत्तर पुरेसे नाही. मॉर्फिन प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही आणि रात्री तर नाहीच नाही.

औषध देण्याच्या पद्धतीवरूनही दर्जा कळतो. शक्य तोवर तोंडावाटे आणि घड्याळाच्या काट्यावर औषध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे तत्त्व आहे. साधी मॉर्फिनची गोळी साधारणतः दर चार तासांनी द्यावी लागते. दुखू लागल्यावर गोळी मागायची आणि ती येईपर्यंत कण्हत राहायचे, ही पद्धत चुकीची होय. मधल्या वेळेत वेदना उसळली तर द्यायचा जादा डोस आधीच लिहून ठेवलेला असावा. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता होतेच. तेव्हा पहिल्या दिवसापासून रेचक सुरू झाले नसेल, तर डॉक्टरांचा अनुभव तोकडा आहे असे समजावे. वेदनेची शून्य ते दहा या मापावर नियमित नोंद होते का, हे कागदपत्रांवरून दिसते. हा कागद पाहू देण्यास चांगली संस्था आढेवेढे घेत नाही.

योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होतो किंवा लवकर दगावतो, ही भीती निराधार आहे. मात्र रुग्ण सतत गुंगीत असेल, तर ते वेदनाशमन आहे की गैरसोय टाळण्यासाठी त्याला झोपवून ठेवले आहे, असे डॉक्टरांना विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण अधिकार आहे.

रात्र आणि रविवार

घरी येऊन सेवा देणाऱ्या पथकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पथक आठवड्यातून एक-दोनदा येते; उरलेला वेळ रुग्ण आणि घरचेच असतात. अशा वेळी चोवीस तास चालू असणारा क्रमांक कोणाकडे लागतो, हे तपासावे. निवडीपूर्वी एखाद्या रविवारी किंवा रात्री उशिरा त्या क्रमांकावर फोन करून पाहण्यात काहीच गैर नाही. फोन उचलणारी व्यक्ती रुग्णाची माहिती पाहून सल्ला देऊ शकते, की ‘रुग्णालयात न्या’ एवढेच सांगते, यात मोठा फरक आहे. श्वास लागणे, रक्तस्राव, बडबड व भ्रम या गोष्टी अखेरच्या दिवसांत अनपेक्षित नसतात. चांगले पथक त्यांची पूर्वकल्पना देते, लागणारी औषधे घरात ठेवून जाते आणि ती कशी द्यायची हे घरच्यांना शिकविते. निवासी हॉस्पिसमध्ये रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात, हा आकडा विचारावा.

भेटीच्या वेळी काय पाहावे?

प्रत्यक्ष भेटीत फरशीपेक्षा रुग्णांकडे पाहावे. त्यांची तोंडे कोरडी, ओठ फाटलेले आहेत का? अंथरुणाला खिळलेल्यांची कूस ठरावीक वेळाने बदलल्याची नोंद आहे का? अंगावर नवीन झालेले शय्याव्रण किती? कर्करोगाच्या उघड्या जखमांना येणाऱ्या दुर्गंधीमुळे रुग्ण स्वतःलाच नकोसा होतो. नियमित ड्रेसिंग आणि मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाने ही दुर्गंधी पुष्कळ कमी करता येते. तेव्हा अशा रुग्णाच्या खाटेजवळ बसवेल इतपत हवा स्वच्छ असेल, तर तेथे काम नीट चालले आहे असे मानायला हरकत नाही. अखेरच्या तासांत नातेवाइकांना जवळ थांबू देतात का, तोंडात गंगाजल घालणे किंवा प्रार्थना म्हणणे यास मुभा आहे का, हेही पाहावे.

सत्य कोण सांगणार?

‘बाबांना यातले काही सांगू नका’ अशी विनंती बहुतेक मराठी घरांतून होते. अननुभवी कर्मचारी एक तर खोटे बोलतात किंवा फटकन सारे सांगून मोकळे होतात. चांगले पथक घरच्यांची भीती ऐकून घेते आणि मग रुग्णालाच, त्याला किती जाणून घ्यायचे आहे, असे हळुवारपणे विचारते. जेवणाचेही तसेच. अखेरच्या दिवसांत भूक मंदावते. ‘आम्ही आईला उपाशी मारले’ ही बोच कुटुंबाला वर्षानुवर्षे छळते. जबरदस्तीने भरविणे किंवा सलाइन लावणे का हितावह नाही, हे समजावून सांगण्यासाठी डॉक्टर वेळ देतात का, हा दर्जाचाच भाग आहे.

अखेरच्या काळात व्हेंटिलेटर नको, अशी रुग्णाची इच्छा असेल तर तीही आधीच नोंदवावी. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर केलेले हे इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. पूर्वीप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. संस्थेला याची माहिती आहे का, हे विचारून पाहावे.

पैसा आणि कागदपत्रे

धर्मादाय हॉस्पिसांत बहुधा शुल्क नसते. परंतु जागा मर्यादित असते. प्रवेशासाठी कोणती कागदपत्रे हवीत आणि नातेवाइकाला सोबत राहावे लागेल का, हे आधी विचारावे. खासगी सेवेत खाटेचे भाडे, भेटीचे शुल्क, औषधे, प्राणवायू यांचे वेगवेगळे दर लेखी घ्यावेत. मुक्कामाचा खर्च विमा कंपनी देईलच असे गृहीत धरू नये. तिच्याकडूनही लेखी उत्तर मागावे. मोठी अनामत रक्कम मागणारी, आजार बरा करण्याचे आश्वासन देणारी किंवा भेटीस आडकाठी करणारी संस्था टाळलेली बरी.

रुग्ण घरी गेला तर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र कोण देणार, हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. तो न विचारल्याने अनेक कुटुंबांना मध्यरात्री डॉक्टरच्या शोधात दारोदार फिरावे लागते. रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी ४-अ हा नमुना असतो आणि तो रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरून द्यायचा असतो. आपले पथक तो देईल का, याचा खुलासा पहिल्याच भेटीत करून घ्यावा. निधनानंतर काही आठवड्यांनी पथकातील कोणी कुटुंबाची विचारपूस करते का, हेही जमल्यास जाणून घ्यावे.

थोडक्यात, विचारायचे प्रश्न

- डॉक्टर व परिचारिकांचे उपशामक शुश्रूषेचे प्रशिक्षण झाले आहे का?
- तोंडी मॉर्फिन सतत उपलब्ध असते का?
- वेदनेची नोंद दिवसातून किती वेळा होते?
- रात्री आणि सुटीच्या दिवशी कोण येते, किती वेळात येते?
- घरच्यांना शुश्रूषा शिकविली जाते का?
- दरपत्रक लेखी मिळेल का?
- मृत्यूचे प्रमाणपत्र कोण देईल?

निवड झाली म्हणजे पारख संपली, असे नाही. योग्य औषधयोजना सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांची वेदना काही दिवसांतच लक्षणीयरीत्या कमी व्हायला हवी. तसे होत नसेल तर डॉक्टरांना कारण विचारावे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर संस्था बदलावी. त्यात कृतघ्नपणा नाही. वेदनाशमनाचे पहिले उद्दिष्ट रात्रीची वेदनारहित झोप, दुसरे पडून असताना आराम आणि तिसरे हालचाल करताना आराम, असा क्रम जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच घालून दिला होता. त्यामुळे सेवेचा दर्जा जाणून घेण्यासाठी रोज सकाळी रुग्णाला एकच प्रश्न विचारला तरी पुरे : काल रात्री झोप लागली का?