दलाल कोणाचा? सही करण्यापूर्वी विचारा

मे महिन्यात चाकरमानी मंडणगडला गावी उतरला की दोन-चार दिवसांत ओटीवर कोणीतरी येऊन बसतो. "भाऊ, मुंबईची पार्टी तयार आहे, बयाणा उद्याच देते." वडिलोपार्जित दहा-पंधरा गुंठे विकावेत, विरार-डोंबिवलीकडे हक्काची खोली घ्यावी, असे आपल्या कष्टकरी माणसालाही वाटते. त्यात चूक काहीच नाही. पण चहाचा कप खाली ठेवण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे: हा माणूस कोणाचा? आपला, की त्या पार्टीचा?

समजा, तो तुम्हाला गुंठ्याला वीस हजारांचा भाव सांगतो आणि मुंबईच्या पार्टीला पस्तीस हजारांचा. मधले पंधरा हजार त्याच्या खिशात, शिवाय दोन्हीकडून दलाली वेगळी. दोन्ही बाजूंना सांगून, त्यांच्या संमतीने दलाली घेतली तर तो व्यवहार उघड राहतो. लपवून घेतली तर तो विश्वासघात होय.

1872 चा भारतीय करार कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. आपण नेमलेल्या माणसाने आपल्या कामाचा हिशेब आपल्याला दिला पाहिजे. आपल्याला न विचारता त्याने आपली जमीन स्वतःसाठी किंवा आडून दुसऱ्याच्या नावाने घेतली, आणि महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली किंवा आपले नुकसान केले, तर तो व्यवहार आपल्याला नाकारता येतो. मात्र तो आपण नेमलेला होता हे सिद्ध करावे लागते. तोंडी शब्दावर ते कसे होणार? म्हणून कागद हवा.

शहरातल्या खोलीसाठी आणखी एक आधार आहे. 2016 चा स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक रेरा म्हणतात, त्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकणाऱ्या एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते. घर नोंदवताना मिळायला हवेत ते कागद मिळवून देणे त्याचे कर्तव्य आहे. पण नोंदणी क्रमांक दिसला म्हणून डोळे मिटू नका. डोंबिवली परिसरात खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला. म्हणून बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेत जाऊन पाहावे.

गावच्या शेतजमिनीच्या दलालाला मात्र रेरा लागू होत नाही. तेथे आपली सावधगिरी हाच आधार. त्यातही आपल्या घरांतील पुष्कळ जमिनी महार वतनाच्या. 1958 च्या कायद्याने ती वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. "परवानगीचे मी बघतो, तुम्ही कुळमुखत्यारपत्रावर सही करा," असे कोणी म्हणाला, तर तेथेच थांबावे.

मग काय करावे? दलालाकडून साध्या कागदावर लिहून घ्यावे: तो कोणाच्या वतीने बोलतो, दलाली किती आणि कोण देणार, समोरच्या बाजूकडूनही काही घेतो का, घेणारा त्याचा नातलग किंवा भागीदार आहे का. घेणाऱ्याला स्वतः भेटावे आणि भाव त्याच्याच तोंडून ऐकावा. सातबाऱ्यावर नाव असलेल्या सर्व हिस्सेदारांना, बहिणींनाही, बोलवावे. पैसे चेकने घ्यावेत. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही कदापि देऊ नये. दुय्यम निबंधकाकडे जाण्यापूर्वी दस्त आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवावा, दलालाने आणलेल्या वकिलाला नव्हे.

प्रामाणिक दलाल या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याला नमस्कार करून दारापर्यंत पोहोचवावे. पार्टी पुन्हा मिळेल. आजोबा-पणजोबांनी राबून राखलेली जमीन एकदा गेली की पुन्हा मिळत नाही.