घरी अहिराणी, कागदावर मराठी. जनगणनेत दोंडाईचाकर कोणती भाषा सांगणार?

दोंडाईचाच्या बाजारात मिरची घेऊन आलेला शेतकरी शेजारच्या गाडीवाल्याला विचारतो, ‘भो, मिरचीना भाव काय शे?’ बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी तोच शेतकरी हिंदीत घासाघीस करतो. तिथून बँकेत गेला, की काउंटरपुढे ‘साहेब, खात्यावर पैसे जमा झाले का?’ असे जपून मराठीत विचारतो. बाहेर पडून घरी फोन लावला, की पुन्हा अहिराणी. तासाभरात तीन भाषा झाल्या. मात्र त्याला कुणी कागद-पेन घेऊन ‘तुमची भाषा कोणती?’ असे विचारले, तर तो बहुधा ‘मराठी’ एवढेच सांगेल.

या एका शब्दाच्या उत्तराला आता महत्त्व आले आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेली जनगणना येऊ घातली आहे. मातृभाषेचा आकडा त्यातूनच निघतो.

माणूस भाषा का बदलतो?

समोर कोण आहे, जागा कोणती आहे आणि काम काय आहे, यावर ते ठरते. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’, ‘मला’ला ‘माले’, ‘मुलगा’ला ‘आंडोर’. ‘माझा डोळा दुखतो’ हे वाक्य ‘मन्हा डोया दुखस’ असे होते. घरात हे वाक्य बरोबर असते, शाळेच्या वहीत मात्र त्याखाली लाल रेघ येते. मूल चुकीचे बोललेले नसते. ते दुसऱ्या नियमांनी बोललेले असते. ‘ळ’चा ‘य’ होणे हा अहिराणीत नियम आहे, जिभेचा आळस नव्हे.

हे केवळ खान्देशात घडत नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधील तीन दुकानांत विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावरच्या वस्तूबद्दल विचारले. ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणताना महागड्या दुकानातले विक्रेते ‘र’ अधिक उच्चारत, स्वस्त दुकानातले कमी. ऐकू आले नाही असे दाखवून पुन्हा विचारले, की ‘र’चे प्रमाण वाढे. आपल्याकडे पाव्हण्यांसमोर किंवा गुरुजींनी ‘पुन्हा म्हण’ म्हटल्यावर ‘डोया’चा ‘डोळा’ होतो, तसेच हे.

खान्देशची बोली एकच आहे का?

नाही, आणि इथे मोठा गैरसमज आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी अहिराणीत लिहीत, असे आजही सर्रास सांगितले जाते. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या आणि त्यांची बोली लेवा गणबोली. धुळे जिल्ह्यातली अहिराणी वेगळी. दोंडाईचा-शहादा पट्ट्यात गुजर समाजाच्या घरांत गुजरी बोलली जाते, तर सातपुड्याकडे आदिवासी घरांत भिली आणि पावरी. जात-जमात, गाव आणि नदीचा काठ बदलला, की बोलणे बदलते. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने कामासाठी सुरतला गेलेल्या कुटुंबांत त्यात गुजरातीचीही भर पडते.

अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद जुना आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आहे. खान्देशी मात्र १९०७ मध्ये निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांसोबत. ‘घरना’, ‘गावनी’ असे प्रत्यय आणि ‘शे’ हे क्रियापद पाहिले, की गुजराती शेजार लगेच कळतो. शब्दसंग्रह मात्र बराच मराठीशी जुळतो. दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो, म्हणूनच वाद मिटत नाही.

आकडे काय सांगतात?

जनगणनेत ‘खान्देशी’ ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते. अहिराणी, गुजरी अशा मातृभाषा त्या गटात येतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत ती नाही. अनुसूचीबाहेरच्या ९९ भाषांत आहे. १९९१ मध्ये खान्देशी भाषकांची नोंद सुमारे ९ लाख ७४ हजार होती. २००१ मध्ये ती २० लाख ७५ हजारांवर गेली आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजारांवर उतरली.

दहा वर्षांत दुप्पट मुले जन्मत नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख माणसे आपली भाषा विसरतही नाहीत. फरक बराचसा सांगण्यातला आहे. कुणी ‘अहिराणी’ म्हटले, कुणी ‘मराठी’.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे नेमके काय?

व्याख्या सरळ आहे. लहानपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली, ती मातृभाषा. आई तान्हेपणीच गेली असेल, तर त्या घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. शाळेचे माध्यम, राज्यभाषा किंवा अर्ज ज्या लिपीत भरला ती भाषा, यांचा इथे संबंध नाही. आजवरच्या रिवाजाप्रमाणे मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही नोंदवता येतात. म्हणजे बाजारातल्या त्या शेतकऱ्याला अहिराणी, मराठी आणि हिंदी तिन्ही सांगता येतात. एक लिहिली म्हणून दुसरी खोडली जात नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळालेल्या अभिजात दर्जालाही अहिराणी सांगितल्याने धक्का बसत नाही.

अडचण प्रश्न विचारण्याच्या प्रसंगातच आहे. प्रगणक सरकारी माणूस असतो, बरेचदा शाळेतला शिक्षकच. तो ओट्यावर बसून मराठीत विचारतो, ‘मातृभाषा कोणती?’ समोरचा माणूस बँकेत बोलतो तसा सावरून बसतो आणि मराठीत उत्तर देतो, ‘मराठी.’ तेवढ्यात आतून चहा होतो आणि तो मागे वळून म्हणतो, ‘माय, चहा आठे आन वं.’