बुडत्या केंद्रानें कोणतें संगीत लावावें?



मोठ्या शहरांतील एखादें नभोवाणी-केंद्र बुडूं लागलें म्हणजे त्याच्या चालकांपुढें जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर पाहतां रसिकतेचा वाटतो. उत्तम संगीत कोणतें, असा तो प्रश्न आहे असें आपण समजतों. वस्तुतः तो निराळाच असतो. ह्या शहरांत असा कोणता माणूस आहे कीं, ज्याला हवें तें संगीत आज कोणीच ऐकवीत नाहीं, हें शोधून काढावयाचें असतें. ह्या शोधाची कथा न्यूयॉर्क शहराइतकी स्पष्टपणें क्वचितच अन्यत्र वाचावयास मिळेल. म्हणून आजच्या भाषणासाठीं मीं तेंच शहर निवडलें आहे.

अमेरिकेंतील बहुसंख्य केंद्रें खासगी मालकीचीं असून त्यांचा निर्वाह जाहिरातींवर चालतो. जाहिरातदार पैसे देतो तो श्रोत्यांच्या संख्येकडे पाहून. आणि ही संख्या मोजण्याचें काम आर्बिट्रॉन नांवाची कंपनी अनेक वर्षें करीत असे. निवडक श्रोत्यांस ती एक लहानशी वही देई, आणि आठवडाभर कोणतें केंद्र केव्हां ऐकलें हें त्यांनीं तींत लिहावयाचें. ह्या मोजणींतील ‘हिस्सा’ समजण्यास वर्गाचा दाखला पुरे. शंभर मुलें एका वेळीं नभोवाणी ऐकत बसलीं आहेत अशी कल्पना करा. त्यांपैकीं अकरांनीं एकच केंद्र लावलें असेल, तर त्याचा हिस्सा अकरा. डझनावारी केंद्रें असलेल्या शहरांत अकरा हा आंकडा राजाचा समजावा. आणि ज्याच्यापाशीं एक-दोनच मुलें उरलीं, त्याची शाळा बंद पडण्याच्या बेतांत आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

दिवसभर एकाच जातीचें संगीत ऐकवावयाचें, ह्या पद्धतीस तिकडे फॉरमॅट म्हणतात. आपण त्यास साचा म्हणूं. १९४९ सालीं ओमाहा शहरांतील एक केंद्र टॉड स्टॉर्झ व त्याचे वडील यांनीं विकत घेतलें, आणि पुढील कांहीं वर्षांत लोकप्रिय अशीं थोडींच गाणीं पुनःपुन्हां लावण्याची रीत तेथें रुळली. उपाहारगृहांत नाणें टाकून वाजणाऱ्या पेटीवर लोक तेंच तें गाणें पैसे देऊन ऐकतात, हें पाहून ही कल्पना सुचली अशी आख्यायिका आहे. न्यूयॉर्कमध्यें डब्ल्यूएबीसी ह्या केंद्रावर रिक स्क्लार ह्या कार्यक्रम-संचालकानें ती रीत पूर्णत्वास नेली. दुकानांतून कोणत्या तबकड्या किती खपल्या याची तो चौकशी करवी, आणि सर्वांत अधिक खपणारें गाणें एक-दीड तासाच्या आंत पुन्हां वाजे. संगीताच्या जाणकारास हें कंटाळवाणें वाटेल. पण जाणकार कांहीं दिवसभर तेथें ऐकत बसत नाहीं. सामान्य माणूस मोटारींत वीस मिनिटें ऐकतो, आणि तेवढ्यांत त्याचें आवडतें गाणें त्यास भेटलें पाहिजे.

अशा बलाढ्य केंद्राशीं त्याच्याच रीतीनें झुंजणें व्यर्थ होतें. १९७८ सालीं डब्ल्यूकेटीयू हें एफ्. एम्. केंद्र सौम्य, झुळझुळीत असें रॉक संगीत लावून तळाशीं रखडत होतें. त्याच शहरांतील नृत्यगृहें मात्र रात्रीमागून रात्री भरून वाहत होतीं. तेथें डिस्को संगीतावर नाचणारांत काळे लोक होते, स्पॅनिश बोलणारे होते, कष्टकरी वस्तींतील इटालियन तरुणही होते. ब्रुकलिनच्या अशाच एका तरुणाची कथा सांगणारा ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट १९७७ च्या डिसेंबरांत प्रदर्शित होऊन गाजला होता. कांहीं केंद्रें डिस्को अधूनमधून लावीत. परंतु सबंध दिवस त्यालाच वाहून घेतलेलें शक्तिमान केंद्र नव्हतें. २४ जुलै १९७८ रोजीं डब्ल्यूकेटीयूनें साचा बदलला. वर्ष संपण्यापूर्वींच त्याचा हिस्सा अकराच्या वर गेला, आणि डब्ल्यूएबीसीस मागें टाकून तें शहरांत पहिलें आलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ह्या चालकांनीं नवी आवड निर्माण केली नाहीं. आवड रस्त्यावर होती, तबकड्या दुकानांत होत्या. नव्हता तो फक्त प्रक्षेपक.

तथापि जें वेगानें चढतें तें वेगानें उतरतेंही. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटानें उडविण्यांत आला आणि त्यांतून दंगल उसळली. डब्ल्यूकेटीयूनें हळूहळू आपला साचा सैल केला, आणि १९८५ सालीं नांवासकट तो टाकून देऊन रॉक संगीत स्वीकारलें. तोंवर डब्ल्यूएबीसीनेंही १० मे १९८२ रोजीं संगीत सोडून संभाषणाचा मार्ग धरला होता. कारण संगीत ऐकणारे ए. एम्. लहरी सोडून स्वच्छ ध्वनीच्या एफ्. एम्. कडे गेले होते.

ह्याच्या उलट उदाहरण ग्रामीण ढंगाच्या ‘कंट्री’ संगीताचें. गगनचुंबी इमारतींच्या ह्या शहरांत तें ऐकतो कोण, असें कोणीही विचारील. पण डब्ल्यूएचएन ह्या केंद्रानें १९७३ ते १९८७ पर्यंत तेंच लावून मोठा श्रोतृवर्ग जमविला. १९८७ सालीं त्याच्या जागीं दिवसरात्र क्रीडावार्ता देणारें केंद्र आलें. कंट्रीचा वारसा एका एफ्. एम्. केंद्रानें उचलला, तोही १९९६ सालीं संपला, आणि त्या लहरीवर नृत्यसंगीत घेऊन डब्ल्यूकेटीयू हें जुनें नांव परत येऊन पुनश्च पहिलें ठरलें. पुढें २०१३ सालीं ९४.७ मेगाहर्ट्झवर कंट्री पुन्हां आलें, आणि २०२१ सालीं हिप्-हॉपसाठीं तें काढण्यांत आलें. श्रोते नव्हते असें नाहीं. माझ्या मतें अडचण अशी कीं, हे श्रोते पुष्कळसे लांबलांबच्या उपनगरांत विखुरलेले, तर नृत्यसंगीताचे चाहते शहरांतच दाटीनें राहणारे; आणि तेवढ्याच मोलाच्या लहरीवर दुसरें कांहीं लावल्यास अधिक मिळकत होईल, हा मोह मालकास स्वस्थ बसूं देत नाहीं.

मग जुन्या श्रोत्यांचा कांहीं हक्क आहे कीं नाहीं? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डब्ल्यूएनसीएन हें अभिजात पाश्चात्य संगीताचें केंद्र १९७४ सालीं मालकानें रॉककडे वळविलें. श्रोत्यांनीं संघ स्थापून झगडा केला, आणि १९७५ सालीं केंद्र नव्या मालकाच्या हातीं जाऊन अभिजात संगीत परत आलें. पण संगीताच्या साच्यांत सरकारी आयोगानें लक्ष घालावें कीं तो बाजारावर सोडावा, ह्या वादांत १९८१ सालीं न्यायालयानें बाजारावर सोडण्याचें आयोगाचें धोरण वैध ठरविलें. १९९३ च्या अखेरीस तेंच केंद्र पुन्हां रॉकचें झालें. ह्या वेळीं कायमचें.

आपल्याकडे ह्याच्या उलट प्रयोग झाला. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले, आणि शास्त्रीय संगीताच्या उत्कर्षासाठीं आकाशवाणीवरील चित्रपटगीतें मागें सारलीं गेलीं. हेतु उदात्त होता, परंतु श्रोत्यांनीं सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू करून आकाशवाणीस त्यांची मनधरणी करावी लागली. बाजार अल्पसंख्य रसिकास विसरतो हें खरें. पण सरकार बहुसंख्य रसिकास विसरूं शकतें, हें आपण अनुभवलें आहे.

न्यूयॉर्कमध्यें अभिजात संगीत आज डब्ल्यूक्यूएक्सआर ह्या केंद्रावर ऐकूं येतें. २००९ सालीं न्यूयॉर्क टाइम्स कंपनीनें तें आपल्या हातांतून सोडलें आणि तें श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका सार्वजनिक संस्थेकडे गेलें. ह्या व्यवहारांत त्याची लहर ९६.३ वरून १०५.९ मेगाहर्ट्झवर आली. नव्या लहरीवरील प्रक्षेपक पहिल्यापेक्षां बराच क्षीण असल्यामुळें दूरच्या उपनगरांतील कित्येक जुन्या श्रोत्यांस आपलें केंद्र घरच्या नभोवाणीयंत्रावर लागेनासें झालें. त्यांस तें इंटरनेटवरून ऐकावें लागतें.