डिस्क भरलेली, यादी कोरी

कपाटातली यंत्रं : लेखांक ११

आयपॉड कॉम्प्युटरला जोडलेला असावा, गाणी चढत असावीत, तेवढ्यात कुणाचा तरी पाय केबलला लागावा आणि नंतर पाहिलं तर आयपॉडच्या यादीत एकही गाणं नसावं, हा प्रकार ते यंत्र वापरलेल्या बऱ्याच घरांनी पाहिलेला आहे. खरी गंमत त्याच्या पुढची. सेटिंग्जमधल्या 'अबाउट'वर गेलं की तिथे गाणी शून्य दाखवतात, पण मोकळी जागा मात्र फारशी उरलेली नसते. आयट्यून्समध्ये खालच्या पट्टीवर 'अदर' नावाचा एक जाडजूड तुकडा उगवलेला दिसतो. गाणी कुठेही गेलेली नाहीत. ती डिस्कवर जागच्या जागी आहेत, फक्त ती तिथे आहेत याची यंत्राला खबर नाही.

गेल्या लेखांकात पेन ड्राइव्ह पाहिला. त्यावर फाइल टाकली की काम संपतं. आयपॉड बाहेरून तसाच वाटतो, विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून दिसतोही. पण त्याच्यावर माउसने ओढून टाकलेलं गाणं तो वाजवत नाही. जागा खातं, वाजत नाही. कारण त्याचा कारभार किराणा दुकानासारखा आहे: माल गोदामात, हिशोब खतावणीत, आणि गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं ते खतावणी पाहून. खतावणीत नोंद नसेल तर पोतं समोर असूनही दुकानदार 'संपलंय' म्हणणार.

लपलेल्या फाइल दाखवण्याची सोय विंडोजमध्ये चालू केली की हे गोदाम उघडं पडतं. 'आयपॉड_कंट्रोल' नावाचा फोल्डर, त्यात 'म्युझिक', आणि त्याच्या आत एफ००, एफ०१, एफ०२ अशी ओळीने खाणी. एखादी उघडावी तर आत गाण्याचं किंवा गायकाचं नाव औषधालाही सापडत नाही. चार-चार अक्षरांची निरर्थक नावं, पुढे एमपी३ किंवा एम४ए. कुठली फाइल म्हणजे कुठलं गाणं, ते कुठल्या अल्बममधलं, किती वेळा वाजलं, त्याला किती तारे दिले, हे सगळं शेजारच्या फोल्डरमधल्या 'आयट्यून्सडीबी' या एकाच फाइलमध्ये. सिंक करताना आयट्यून्स आधी गाणी उतरवतं आणि शेवटी ही फाइल लिहितं. केबल मधेच निघाली तर उतरलेल्या गाण्यांची नोंद राहून जाते. ऐन नोंद चालू असतानाच निघाली तर जुनी यादीही बिघडते, आणि मग पडद्यावर शून्य.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असं आज कुणीही विचारील. २३ ऑक्टोबर २००१ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॉड दाखवला तेव्हा त्यात तोशिबाची १.८ इंची, ५ जीबीची हार्ड डिस्क होती. ती सतत फिरत ठेवली तर बॅटरी बघता बघता उतरली असती. म्हणून तयार यादी मेमरीत घ्यायची, पुढची काही गाणीही ३२ एमबीच्या मेमरीत आधीच ओढून ठेवायची आणि डिस्कला झोपवायचं. हजार गाण्यांतून चाक फिरवत जाताना यादी अडखळत नसे, त्याचं कारण हे. दुसरी बाजू संगीत कंपन्यांची. त्या काळात इंटरनेटवर गाण्यांची फुकट देवाणघेवाण घडवणाऱ्या नॅपस्टरने त्यांची झोप उडवली होती. गाणी लपवलेल्या फोल्डरात, फाइलींना अर्थहीन नावं आणि वाहतूक एकाच दिशेने, कॉम्प्युटरकडून आयपॉडकडे. पहिल्या आयपॉडच्या प्लास्टिकच्या वेष्टनावर 'गाणी चोरू नका' अशी तंबीच छापलेली होती.

आता त्या कुप्रसिद्ध आकड्यांकडे. 'आयपॉड सिंक होऊ शकला नाही. अज्ञात त्रुटी (-५०)'. आकडाही द्यायचा आणि वर 'अज्ञात'ही म्हणायचं, हा उद्धटपणा अ‍ॅपलने वर्षानुवर्षं केला. वास्तविक यातले बरेच आकडे अज्ञात नाहीत. ते १९८० च्या दशकातल्या मॅकिंटॉशच्या त्रुटीतक्त्यातून आले आहेत, आणि तो तक्ता प्रोग्रॅमरसाठी तेव्हाच छापलेला होता. -३६ म्हणजे वाचता-लिहिताना अडचण. इथे केबल, पोर्ट किंवा खुद्द डिस्क यांच्यावर संशय घ्यावा. -४३ म्हणजे फाइल सापडत नाही. -४८ म्हणजे त्या नावाची फाइल आधीच आहे. -५४ म्हणजे परवानगी नाही: फाइलला कुलूप आहे किंवा दुसरा कुठला प्रोग्रॅम ती धरून बसला आहे. विंडोजवर हा दुसरा प्रोग्रॅम पुष्कळदा अँटिव्हायरस निघतो. -५० चा अर्थ सगळ्यांत निरुपयोगी, 'सांगितलेल्या तपशिलात चूक'. कुणी सांगितलेल्या, कुठल्या तपशिलात, ते नाही. फ्लॉपीच्या जमान्यातल्या मॅकचे संकेत वीस वर्षांनी विंडोजच्या पडद्यावर उमटत होते आणि समोर बसलेल्या माणसाला ते आयपॉडचं काहीतरी खास दुखणं वाटत होतं.

-६९ आला तर बहुतेक वेळा एखादी बिघडलेली फाइल वाटेत आडवी आलेली असते. हजारोंमधून ती शोधायची कशी? निम्म्या प्लेलिस्टना खूण करून सिंक करायचं. अडकलं तर चोर या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. पुन्हा निम्मे करायचे. चार हजार गाण्यांतलं एक गाणं अशाने बारा फेऱ्यांत हाती लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण सगळा आयपॉड पुसून टाकण्यापेक्षा बरं.

विंडोजवाल्यांच्या वाट्याला काही खास दुखणी आली. मुळात पहिला आयपॉड फक्त मॅकसाठी होता. विंडोजवर चालणारा २००२ मध्ये आला, तोही म्युझिकमॅच नावाच्या दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या आधाराने; विंडोजसाठी आयट्यून्स आलं ऑक्टोबर २००३ मध्ये. मॅकवर तयार केलेल्या आयपॉडची डिस्क एचएफएस प्लस पद्धतीची, विंडोजवरची फॅट३२. मॅकला दोन्ही वाचता येतात, विंडोजला पहिली येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याने स्वतःचा जुना आयपॉड गाण्यांसकट मामाला द्यावा आणि पुण्यातल्या पीसीने तो जोडताच 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारावं, ते यामुळे. मामा 'हो' म्हणाले की भाच्याची सगळी आवडनिवड गेली. पद्धत एकच असली तरी धोका टळत नव्हता. ऑटोमॅटिक सिंकवर ठेवलेला आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीशी बांधलेला असतो. परक्या कॉम्प्युटरला जोडला की 'आधीचं पुसून इथलं भरू का?' असा प्रश्न येई, आणि घाईत त्यावर हो म्हणणारे काही थोडेथोडके नव्हते.

ऑफिसातल्या पीसीवर वेगळीच गाठ पडायची. विंडोज नव्या ड्राइव्हला त्याच्या लेखी मोकळं असलेलं पुढचं अक्षर देतं. तेच अक्षर ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हने आधी घेतलेलं असेल तर आयपॉड चार्ज होतो, त्याच्या पडद्यावर 'काढू नका' असंही येतं, आणि आयट्यून्समध्ये त्याचा पत्ता नसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन आयपॉडला दुसरं अक्षर दिलं की मिनिटभरात सगळं सुरळीत. ज्याला हे माहीत नसे तो बिचारा नवी केबल विकत आणायचा.

अर्थात केबल आणि पोर्ट निर्दोष असतातच असं नाही. यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, यूएसबी २.० चा ४८०. जुन्या पोर्टवर ५ जीबी गाणी चढायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पीसी झोपी गेला की सिंकही मधेच तुटतं. कीबोर्डवरचा पोर्ट किंवा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेला हब हार्ड डिस्कवाल्या आयपॉडला पुरेशी वीज देत नाही. म्हणून आधी पीसीच्या मागच्या पोर्टला जोडून पाहावं.

सिंक न होणं ही नेहमीच चूक नसते, कधी ते ठरवून घडवलेलं असतं. २००७ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या आयपॉडांत अ‍ॅपलने यादीच्या फाइलला एक गणिती शिक्का जोडला. शिक्का जुळला नाही तर यादी कोरी. लिनक्सवर जीटीकेपॉडसारख्या सॉफ्टवेअरने या नव्या आयपॉडांत भरलेली गाणी दिसतच नव्हती. काही दिवसांतच हौशी प्रोग्रॅमरनी तो शिक्का उलगडला.

याहून रंगतदार प्रकरण पाम कंपनीच्या 'प्री' या फोनचं. जून २००९ मध्ये बाजारात आलेला हा फोन यूएसबीवर स्वतःची ओळख आयपॉड म्हणून करून द्यायचा, आणि आयट्यून्स बिनबोभाट त्यात गाणी भरायचं. पामची सूत्रं तेव्हा जॉन रूबिनस्टीन यांच्याकडे होती. अ‍ॅपलमध्ये आयपॉडचा विभाग सांभाळणारे आणि तोशिबाची ती १.८ इंची डिस्क जपानात हेरणारे हेच गृहस्थ. जुलैमध्ये आयट्यून्स ८.२.१ आलं आणि प्रीचं सोंग उघडं पडलं. आठवड्याभरात पामने फोनचं सॉफ्टवेअर बदललं. आता तो थेट अ‍ॅपलचा विक्रेता-क्रमांक सांगू लागला. प्रत्येक यूएसबी उपकरण जोडताक्षणी असा एक क्रमांक सांगतं. पामने यूएसबीचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेकडे अ‍ॅपलविरुद्ध तक्रारही केली. संस्थेने उलट पामलाच सुनावलं की दुसऱ्याचा क्रमांक वापरणं नियमात बसत नाही. नियमाने अ‍ॅपलच बरोबर होती. पण स्वतः विकत घेतलेली गाणी स्वतःच्या फोनमध्ये भरणाऱ्या माणसाने यात कुणाचं काय बिघडवलं होतं, याचं उत्तर त्या निकालात नव्हतं.

आणि कधी आजार थेट कारखान्यातून येतो. ऑक्टोबर २००६ मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं की १२ सप्टेंबरनंतर विकल्या गेलेल्या व्हिडिओ आयपॉडांपैकी १ टक्क्याहून कमी यंत्रांत 'रॅव्हमोनई' हा विंडोजचा व्हायरस गेला आहे. असले व्हायरस ड्राइव्हवरून ड्राइव्हवर उड्या मारतात. आपल्याकडच्या सायबर कॅफेत पेन ड्राइव्ह लावणाऱ्यांना ही जमात चांगली ठाऊक होती. अशा पीसीला जोडलेल्या आयपॉडच्या ड्राइव्हवर अनोळखी 'ऑटोरन' फाइल दिसली तर सिंकचा विचार नंतर, आधी सफाई.

दुरुस्तीसाठी अ‍ॅपलने आयपॉडवाल्यांना पाच पायऱ्या घालून दिल्या होत्या. आयपॉड रीसेट करा, दुसऱ्या पोर्टवर पुन्हा जोडून बघा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, सॉफ्टवेअर नव्याने टाका, आणि शेवटी आयपॉड रीस्टोअर करा. पहिलीत काहीच जात नाही: होल्डची खिटी एकदा पुढे-मागे करायची, मग क्लिक-व्हीलवरचं 'मेन्यू' आणि मधलं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवायचं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात. पाचवी मात्र सगळं पुसते. दुकानातला पोरगा नेमका तिच्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा वेळ वाचतो.

ज्याची गाणी फक्त आयपॉडवरच उरली आहेत, जुना पीसी भंगारात गेला आहे, त्याने रीस्टोअरला हात लावण्याआधी तो लपलेला 'म्युझिक' फोल्डर जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावा. मग तो आयट्यून्समध्ये टाकला की फाइलच्या पोटातल्या टॅगवरून गाण्यांची नावं परत येतात. येतात ती टॅग भरलेले असतील तरच. इंटरनेटशिवाय पीसीवर उतरवलेल्या भावगीतांच्या किंवा नाट्यगीतांच्या सीडीतून नावाऐवजी 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' एवढंच मिळतं, आणि मग घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून एकेक ओळखत जाण्यावाचून गत्यंतर नसतं. प्लेलिस्ट, तारे, किती वेळा ऐकलं याची मोजणी फाइलमध्ये नसते; ते डेटाबेसबरोबर जातं.

आज हे सगळं कोण करतं? आयपॉड क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, आयपॉड टच मे २०२२ मध्ये. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर आयट्यून्स उरलं नाही. सिंकचं काम मॅकवर फाइल दाखवणाऱ्या फाइंडरकडे गेलं. पहिल्या दोन पिढ्यांचे आयपॉड यूएसबीवर नव्हे, फक्त फायरवायर या जुन्या जोडणीवर सिंक होतात आणि मॅकच्या २०२५ च्या टाहो आवृत्तीत अ‍ॅपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला. तरीही जुना आयपॉड उघडून त्यातली थकलेली डिस्क काढणारे आणि तिथे अ‍ॅडॉप्टर लावून एसडी कार्ड बसवणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांना भेटणारी त्रुटी नव्या जातीची. कार्डावर जागा भरपूर, सिंक विनातक्रार पूर्ण, आणि आयपॉड मात्र पुनःपुन्हा बंद-चालू होत राहतो. गाणी इतकी झालेली असतात की त्यांची यादी मेमरीत मावत नाही. पाचव्या पिढीच्या ३० जीबीच्या यंत्रात ३२ एमबी मेमरी होती, ६० आणि ८० जीबीच्या यंत्रांत ६४. म्हणून जाणकार सुटे भाग घेताना जुन्या मोठ्या मॉडेलचाच बोर्ड शोधतात.

काहींनी आयट्यून्सचा नादच सोडला आहे. रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर आयपॉडवर टाकलं की गाणी साध्या फोल्डरांत ओढून टाकता येतात. यादी हवी असेल तर यंत्र स्वतःच टॅग वाचून ती बांधतं. त्यासाठी डिस्क फॅट३२ पद्धतीची लागते, म्हणजे भाच्याकडून आलेला मॅकवाला आयपॉड आधी विंडोजवर रीस्टोअर करावा लागेल. 'आयपॉड_कंट्रोल' फोल्डर मात्र पुसू नये. रॉकबॉक्सशेजारी अ‍ॅपलचं मूळ सॉफ्टवेअर तसंच राहतं, आणि त्यात शिरलं की ते अजूनही तिथलीच यादी वाचतं.